साध्या धनुष्याने डोंगरी बकऱ्याची शिकार: मावसभावाबरोबर जावं का?

कोलशेतचा_तिरंदाज
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. विषय आपल्याकडचा नाही, पण प्रश्न माझ्या घरातला आहे.

माझा मावसभाऊ एकोणीस वर्षं अमेरिकेत आहे, आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरात. तिकडच्या उंच कड्यांवर माउंटन गोट नावाचा प्राणी असतो. पांढराशुभ्र, दाट लोकरीचा, छोटी काळी शिंगं. त्याच्या शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो, आणि एकदा बकरा मारला की त्या राज्यात जन्मात पुन्हा नाही. दादा अकरा वर्षं अर्ज भरत होता, यंदा नंबर लागला. बंदूक चालते, पण तो लाँगबो घेऊन जाणार आहे. पुली नाही, नेमाची पिन नाही. दोरी ओढायची, नजर लावायची आणि सोडायची.

मीही सहा वर्षं धनुष्य चालवतो, टोकं उलटी वळलेला लाकडी रिकर्व्ह, ४५ पाउंडाचा (म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो). येऊरच्या पायथ्याशी एका ओळखीच्यांच्या वाडीत आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी पेंढ्यांवर बाण मारतो. जिवंत प्राण्यावर कधी बाण रोखलेला नाही. दादाने सप्टेंबरात दहा दिवसांसाठी बोलावलंय. परवाना त्याचा, बाण त्याचा. मी बरोबर चालायचं, दुर्बिणीतून शोधायचं आणि बकरा पडला तर मांस पाठीवर घेऊन उतरायचं.

मी मटण खातो, दर रविवारी खातो. तरी या विचाराने झोप उडाली आहे. आई म्हणते, "खाणार असाल तर मारा, भिंतीवर टांगायला नको." बायको म्हणते, तुझं तू ठरव. तुम्हाला काय वाटतं? कडक बोललात तरी चालेल, पण कारण द्या.

खाडीकाठ
तिकीट स्वस्त आहे तोवर काढून ठेवा, चर्चा नंतर करू :)

पाणथळ_नेरूळ
माझा स्पष्ट विरोध. कारण मागितलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर छंदाची शिकार पूर्ण बंद झाली. ते उगाच झालं नाही. जंगलात उरलंच काय होतं? मी दर हिवाळ्यात सीवूड्सच्या पाणथळीवर पहाटे जाऊन बसते. समोर फ्लेमिंगो चिखल गाळत असतात आणि पाठीमागे टॉवर उभे राहत असतात. जे उरलंय ते डोळ्यांनी बघायचं. तिकडे कायदा परवानगी देतो म्हणून मनाने द्यावी असं नाही. तुम्ही भुकेले नाही आहात. बॉइझीत दुकानं आहेत. मग त्या जिवाला कड्यावर गाठून मारायचं कशासाठी?

मानपाड्याचा_बाबू
पाणथळताई, मग रविवारी मानपाड्याला मटणाच्या दुकानाबाहेर जी रांग असते तिचं काय? तो बोकड टेम्पोतून आला, अर्धा दिवस उन्हात बांधला आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर कापला गेला. डोंगरातला बकरा सात-आठ वर्षं मोकळा जगला. मला विचाराल तर डोंगरातल्याचं मरण बरं. मी स्वतः खातो, म्हणून बोलतोय.

पाणथळ_नेरूळ
बाबू, बरोबर आहे तुमचं, आणि म्हणूनच मी मटण सोडलं. पण टेम्पोतल्या बोकडावर अन्याय होतो म्हणून रानातल्याला मारायची मोकळीक मिळत नाही.

कडेकपारी_खारघर
आधी एक दुरुस्ती. माउंटन गोट खरा बकरा नाहीच. तो बकऱ्या-मेंढ्यांच्या मोठ्या कुळातला, पण त्याची शाखा वेगळी. खरे रानबकरे म्हणजे आयबेक्स आणि मारखोर. दक्षिणेला निलगिरी ताहर आहे, तामिळनाडूचा राज्यप्राणी, पण तोही निलगिरीच्या उत्तरेला येत नाही. आपल्या सह्याद्रीत यांतलं कुणीच नाही. कड्यावर बकरी दिसली तर ती धनगराची.

मी स्पितीत किब्बरला आयबेक्स पाहिलेत. ज्या उतारावर मी चार पायांवर आलो होतो तिथे एक करडू खेळत होतं. माउंटन गोटचं खूर याहून भारी असतं. बाहेरची कड टणक आणि आत रबरासारखी मऊ गादी, त्यामुळे बोटभर खाचेवरही पकड बसते. तरी त्यांची बरीच मरणं हिमस्खलनाने आणि कड्यावरून पडून होतात. म्हणजे मूळ रहिवासी तिथे पडतात. तिरंदाज, तुमच्या गुडघ्यांचं काय? मला शिकारीपेक्षा त्याची काळजी वाटते.

कोलशेतचा_तिरंदाज
कडेकपारी, गुडघे आजवर ठीक आहेत. दादाने सांगितलंय, पाठीवर पंधरा किलो घेऊन रोज चढायला लाग. कालपासून सुरू केलं.

पाणथळताई, तुमचं 'कशासाठी' डोक्यातून जात नाहीये. दादाला हेच विचारलं. तो म्हणाला, मला जवळ जायचंय. बंदुकीने तीनशे मीटरवरून मारलं तर मी बकऱ्याला भेटलोच नाही.

नेम_आणि_नजर
मी धनुर्विद्या शिकवतो, नवी मुंबईत. 'जवळ' म्हणजे किती ते सांगतो, कारण अख्खा प्रश्न त्यातच आहे.

कंपाउंड धनुष्य १९६० च्या दशकात अमेरिकेत मिसुरी राज्यात निघालं. त्याच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर वजन हलकं होतं. साठ पाउंडाचं धनुष्य बारा-पंधरा पाउंडावर धरून नेम साधता येतो. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंडमध्ये. ते पन्नास मीटरवर मारतात.

लाँगबोत ही सोय नाही. ओढाल तितकं हातावर वाढत जातं, आणि पूर्ण ओढलं की सगळं वजन तीन बोटांवर. दोन-तीन सेकंदांत हात थरथरू लागतो. म्हणून जाणकार लोक जिवंत प्राण्यावर वीस यार्डांपलीकडे बाण सोडत नाहीत. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची. म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला तुम्ही आणि फलंदाजाच्या थोडं पुढे बकरा. उघड्या खडकावर, वाऱ्यात, श्वास लागलेला असताना. किती जणांना जमेल?

अवांतर: मागे एका ठिकाणी मी स्वतः शिकायला गेलो, नाव घेत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी हातात पन्नास पाउंड दिले. खांदा चार महिने दुखत होता. कुणी सुरू करत असेल तर वीस-पंचवीस पाउंडापासूनच करा.

तलावपाळी_डॉक्टर
'नेम_आणि_नजर'ना पूर्ण अनुमोदन. वैद्यकीय बाजू मांडतो.

गोळी वेगाच्या जोराने अवयव आणि हाडं फोडून मारते. बाण कापतो. त्याचं पातं ब्लेडसारखं धारदार असतं आणि मरण येतं ते रक्तस्रावाने. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंदांत तुटतो, जनावर थोडं धावतं आणि कोसळतं. हातभर मागे, पोटात लागला तर तेच मरण कित्येक तास लांबतं. फरक हातभराचा. तेव्हा धनुष्य बंदुकीपेक्षा दयाळू की क्रूर, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. ज्याच्या हातात आहे त्याने दोरी कोणत्या वेळी सोडायची नाही हे शिकलंय का, तेवढं विचारा.

खाडीकाठ
वाचनखूण साठवली. डॉक्टर, हे वाचताना पोटात कालवलं, पण बरं झालं लिहिलंत.

जुना_ग्रंथपाल_नौपाडा
विषय निघालाच आहे तर थोडे मागे जाऊ.

१९९१ साली आल्प्समध्ये, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, हिमनदीतून एका माणसाचे गोठलेले शव मिळाले. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे. त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्याजवळ यू वृक्षाच्या लाकडाचे, त्याच्या उंचीहून मोठे, अजून पुरते न घडलेले धनुष्य होते. भात्यात चौदा बाण, त्यांतले दोनच तयार. त्याच्या जठरातील अन्न तपासले तेव्हा त्यात आयबेक्सचे, म्हणजे आल्प्सच्या रानबकऱ्याचे मांस निघाले. आणि त्याच्या स्वतःच्या डाव्या खांद्यात बाणाचे गारगोटीचे टोक रुतलेले होते. डोंगर, बकरा, धनुष्य आणि माणूस यांचा संबंध इतका जुना आहे.

तोच आयबेक्स पुढे बंदुकीमुळे जवळजवळ संपला. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या ग्रान पारादिसो भागात जेमतेम शंभरेक उरले होते. ते वाचले, कारण १८५६ साली राजाने तो डोंगर स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला. १९२२ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. आज आल्प्सभर जे हजारो आयबेक्स आहेत ते त्याच शंभरांचे वंशज. पाणथळताईंनी यावर विचार करावा, असे विनवितो.

अमेरिकेत साध्या धनुष्याची शिकार पुन्हा रुजली त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाबाहेर इशी नावाचा माणूस सापडला. 'याही' नावाच्या तिथल्या मूळ जमातीतला शेवटचा. विद्यापीठाच्या रुग्णालयातील सॅक्स्टन पोप या डॉक्टराने त्याच्याकडून धनुष्य घडवणे, बाणाचे टोक तासणे, दबा धरणे हे सारे शिकून घेतले. १९१६ साली इशी क्षयाने गेला. पोपने ती विद्या पुढे नेली.

मानपाड्याचा_बाबू
ग्रंथपालकाका, तुमच्या प्रतिसादासाठीच धागे उघडतो.
आपल्याकडेही आदिवासींच्या रक्तातच धनुष्य आहे. येऊरला जा, पोरगं जन्मतः नेमबाज!

वर_पाड्यावरून
बाबूदादा, मी येऊरच्या पाड्यावर राहते. वारली आहे. खाली ठाण्यात शाळेवर शिकवते. माझ्या भावाला दगड मारून कैरी पाडता येत नाही. रक्तात काही नसतं. शिकवावं लागतं, आणि शिकवणारे गेले की संपतं.

माझ्या आजाचा तिरकमठा अजून घरात आहे. तो कसा केला ते लहानपणी ऐकलंय. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा म्हणजे कीड लागत नाही, असं तो म्हणायचा. मग चुलीवर आढ्याला टांगायचा, धुरात. वर्षभर. दोरी सुताची नाही, तीही बांबूचीच कामटी, टोकांना बांधलेली. बाणाला मागे पिसं. तुमच्या पाउंडांत मोजलेलं नाही कुणी, पण मला आजही तो पूर्ण ओढता येत नाही.

कायदा यायच्या आधीची गोष्ट. आजाने एका भेकराला लांबून बाण मारला. लागला, पण मागे लागला. भेकर पळालं. आजा रक्तामागे गेला. रात्र झाली, पळसाखाली झोपला, सकाळी परत शोधायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी कावळे दिसले तेव्हा सापडलं. मांस खराब झालं होतं. घरी रिकामा आला आणि आजीशी बोलला नाही. त्यानंतर त्याने स्वतःला नियम घातला. जनावराच्या पापण्या दिसल्या तर मारायचं, नाहीतर कमठा खांद्यावर.

आता जंगल उद्यानात आहे, शिकार बंद आहे, ते बरोबरच आहे. बिबट्याला आम्ही वाघोबा मानतो, त्याच्याही पोटाला पाहिजे. पण ग्रंथपालकाकांना एक विचारते. इशी शेवटचा का उरला? त्याच्या माणसांना कुणी मारलं? ज्यांनी मारलं त्यांच्याच मुलानातवंडांनी त्याच्याकडून धनुष्य शिकलं ना?

जुना_ग्रंथपाल_नौपाडा
बाई, तुमचा प्रश्न रास्त आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी याहींची कत्तल केली. उरलेले चाळीसेक वर्षे रानात लपून राहिले आणि एकेक करून गेले. मी ते लिहायला हवे होते. वगळले, ही माझी चूक.

सिअ‍ॅटलकर_मूळ_पाचपाखाडी
धागा उशिरा पाहिला. मी शेजारच्या राज्यातून लिहितोय, शिकार करत नाही, डोंगरात भरपूर फिरतो.

आमच्या इथल्या ऑलिंपिक पर्वतात हे बकरे मूळचे नव्हते. १९२० च्या दशकात शिकारीसाठी आणून सोडले, नंतर तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. बकरे वाढले, दुर्मीळ वनस्पती तुडवू लागले. त्यांना मिठाची भूक फार, आणि त्या डोंगरात नैसर्गिक मीठ नाही. म्हणून माणसाचा घाम चाटायला येतात, लघवीच्या जागा खरवडतात. २०१० मध्ये एका नराने एका पदयात्रीला शिंगाने मांडीत भोसकलं, तो गेला. शेवटी २०१८ ते २०२० या काळात तीनशेहून अधिक बकरे डोळ्यांवर पट्ट्या बांधून हेलिकॉप्टरला टांगून कॅस्केड पर्वतात, त्यांच्या मूळ मुलखात नेले. न पकडता आलेल्यांतले काही मारावे लागले.

म्हणजे एकाच राज्यात एका डोंगरावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी. सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही.

तिरंदाज, भावाला एक जरूर विचारा, नर-मादी ओळखता येते का? दोघांनाही शिंगं असतात. नराची बुंध्यात जाड आणि एकसारखी वळलेली, मागे काळ्या ग्रंथी. मादीची बारीक, टोकाकडे एकदम वाकलेली. हा प्राणी हळू वाढतो. मादी साधारण चार-पाच वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, बहुधा एकच करडू. चार माद्या गेल्या की छोटा कळप खचतो. म्हणून तिकडचं वन्यजीव खातं कानीकपाळी ओरडतं की नरच मारा.

पाणथळ_नेरूळ
ग्रंथपालकाका, राजाने राखलं म्हणून आयबेक्स वाचला हे मान्य. पण त्याने दुसऱ्यांच्या बंदुका थांबवल्या म्हणून वाचला, स्वतःच्या बंदुकीमुळे नव्हे.

हिशेबी_वाशी
ताई, एक उलटं उदाहरण देतो. पाकिस्तानच्या उत्तर भागात मारखोर संपत आला होता. तिथे मोजक्या म्हाताऱ्या नरांचे परवाने परदेशी शिकाऱ्यांना विकतात. एकेकाला एक लाख डॉलरच्या वर किंमत येते आणि त्यातले ऐंशी टक्के गावाला मिळतात. शाळा, दवाखाना, पाण्याची सोय. मग गावच चोरट्या शिकारीवर पहारा देतं. २०१५ मध्ये मारखोर 'संकटग्रस्त' यादीतून वरच्या बऱ्या गटात आला. मला स्वतःला डोकं भिंतीवर लावणारा माणूस आवडत नाही. पण त्याच्या पैशाने कळप वाढला, हे खोडता येत नाही.

पाणथळ_नेरूळ
खोडत नाही. वाईट वाटतं एवढंच. जगायचा हक्क मिळवायला त्या प्राण्याला स्वतःतला एक विकावा लागतो.

लोकर_आणि_सुई
मी विणकाम करते म्हणून वेगळंच सांगते. अलास्काच्या किनाऱ्यावरचे त्लिंगित लोक याच बकऱ्याची लोकर आणि सीडरच्या सालीचे धागे मिळून चिल्कट नावाची पांघरुणं विणतात. नाचाच्या वेळी अंगावर घ्यायची, खाली लांब झालर. वसंतात बकऱ्याची लोकर झडते, झुडपांना पुंजके अडकतात, तेही वेचतात. तिरंदाजभाऊ, गेलात तर झुडपांकडेही बघा.

कडेकपारी_खारघर
व्वा, हे माहीत नव्हतं!

थोडं दबा धरण्याबद्दल. बकरा खाली बघत बसतो, कारण त्याचे शत्रू खालून येतात. म्हणून वरून उतरायचं. आणि वारा सांभाळायचा. सकाळी थंड हवा दरीत उतरते, ऊन तापलं की वर चढू लागते. खारघरच्या डोंगरावर दहा-साडेदहाला हे गालावर कळतं. तेव्हा दुपारी वरून गेलात तर बकऱ्याचा वास तुम्हाला येईल, तुमचा त्याला नाही. ढग आला आणि वारा फिरला की दिवस गेला.

नेम_आणि_नजर
आणि उतारावर खाली मारताना कमरेतून वाका, हात खाली करू नका. हात खाली केला की खेच कमी होते, बाण कुठेही जातो. वाडीतल्या एखाद्या मचाणावरून सराव करा.

सगळ्यात मोठी गोष्ट राहिलीच. बकरा पडेल कुठे? कड्याच्या टोकावरचा मारलात तर शेवटच्या धडपडीत दरीत जाईल. मांस गेलं, सगळं गेलं. बाण लावण्याआधी त्याच्या पायांखालची जमीन बघायची.

मानपाड्याचा_बाबू
वर_पाड्यावरून, 'रक्तात' वगैरे लिहिलं त्याबद्दल मनापासून माफी. तुमच्या आजोबांची गोष्ट घरी वाचून दाखवली. आई म्हणाली, पुन्हा वाच.

वर_पाड्यावरून
माफी कशाला. आईंना नमस्कार सांगा.
तिरंदाजदादा, मी जा किंवा नको म्हणणार नाही. गेलात तर भावाला पापण्यांचं सांगा.

कोलशेतचा_तिरंदाज
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. दादाला फोनवर अर्धा तास वाचून दाखवले. आमचं ठरलंय. फक्त नर. वीस पावलांच्या आत. पडेल तिथून उचलता येईल अशाच जागी. यांतलं एक जरी नसलं तर बाण भात्यात. तिकीट काढलं. पाणथळताई, तुम्हाला हे पटणार नाही, तरी तुमच्या प्रश्नामुळेच या अटी लिहून काढल्या.

पाणथळ_नेरूळ
पटलं नाही. सुखरूप या. आणि परत येऊन खरं ते लिहा, गोड करून नको.

खाडीकाठ
(दीड महिन्याने धागा वर काढतोय.) तिरंदाज, आलात का?

कोलशेतचा_तिरंदाज
आलो. गेल्या आठवड्यात. लिहायला बसलो की हात थांबत होता. गोड न करता लिहितो.

पहिले दोन दिवस फक्त लांबून ठिपके दिसले. कडेकपारी, हिमाआधी तो पांढरा रंग राखाडी खडकावर मैलभरावरून दिसतो, पण तिथपर्यंत पोचायला अख्खा दिवस लागतो. तिसऱ्या दिवशी एका नराच्या पंचवीस पावलांवर पोचलो. दादाने धनुष्य अर्धं उचललं. बकरा कड्याच्या ओठावर उभा होता, पलीकडे नुसती हवा. दादाने धनुष्य खाली केलं. बकरा आमच्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि चालत गेला. त्या रात्री तंबूत दादा म्हणाला, अकरा वर्षं अर्ज भरले ते हे शिकायला का? मी काही बोललो नाही.

सहाव्या दिवशी दुपारी एक नर खडकाच्या सपाट कपारीत बसलेला दिसला. मागे भिंत, पुढे घसाऱ्याचा मंद उतार. वारा खालून वर येत होता. आम्ही बूट काढले, जाड मोज्यांवर वरून उतरलो. साठेक पावलं उतरायला दीड तास लागला. मी एका मोठ्या दगडामागे थांबलो, दादा पुढे सरकला. नंतर मोजलं, सतरा पावलं. वास आधी आला, आपल्या बोकडासारखाच पण रुक्ष, धुळीचा. तो रवंथ करत होता. खालचा जबडा आडवा फिरत होता. आणि हो, पापण्या दिसत होत्या. पांढऱ्या. त्यांवर एक माशी बसत होती, तो डोळा मिटत होता, माशी उडत होती.

तो उठला, अंग ताणलं, आमच्याकडे कूस करून उभा राहिला. दादाने ओढलं आणि सोडलं. आवाज फार छोटा होता, ओला कपडा दगडावर आपटावा तसा. बकरा दहा-बारा पावलं धावला, थांबला, पुढचे पाय दुमडले आणि बसला. मान हळूहळू खाली गेली. डॉक्टर, तुम्ही सांगितलं होतं तसंच, सेकंदांत. मला ते सेकंद फार लांब वाटले.

आम्ही अर्धा तास जागेवरच बसलो. मग जवळ गेलो. मी मानेवर हात ठेवला. लोकर इतकी दाट की बोटं कातडीपर्यंत पोचेनात, आणि आत अंग गरम. दादा रडला. मीही.

शिंगावरची वर्तुळं मोजली तर सात वर्षांचा. मांस हाडांवरून उतरवून पिशव्यांत भरलं, दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला माझा डावा गुडघा सुजला, उतरायला अंधार झाला. खाण्याजोगं काही मागे टाकलं नाही, तसा कायदाही आहे. शिंगं तिथल्या खात्याच्या कार्यालयात दाखवली, त्यांनी नोंद केली. बॉइझीत वहिनीने खांद्याचं मांस गोड्या मसाल्यात चार तास शिजवलं. चिवट होतं, चव चांगली होती. मी खाल्लं. आईला फोन केला तर तिने एकच विचारलं, "वाया गेलं नाही ना?"

पुन्हा जाईन का? माहीत नाही. या रविवारी वाडीत गेलो, पेंढ्यावर बाण लावला आणि नेहमीपेक्षा जवळ जाऊन उभा राहिलो.

तलावपाळी_डॉक्टर
लिहिलंत त्याबद्दल आभार. गुडघ्याचा एमआरआय करून घ्या, टाळू नका.

लोकर_आणि_सुई
लोकर मिळाली का?

कोलशेतचा_तिरंदाज
झुडपांवर दोन पुंजके सापडले होते, पण आपल्याकडे आणायचे नियम पक्के ठाऊक नव्हते म्हणून दादाकडेच ठेवले. वहिनी सूत कातायला शिकतेय.

पाणथळ_नेरूळ
वाचलं. त्या माशीपाशी थांबले, पुढे जायला वेळ लागला. माझं मत तेच आहे, पण तिसऱ्या दिवशी धनुष्य खाली केलंत ते लक्षात राहील. जानेवारीत पाणथळीवर या एकदा, दुर्बीण तुमच्याकडे आहेच.

वर_पाड्यावरून
बाण सापडला का?

कोलशेतचा_तिरंदाज
सापडला. आरपार जाऊन मागच्या खडकावर मोडला होता. पातं दादाने ठेवलं, पिसांकडचा अर्धा भाग मला दिला. घरी आणलाय.

वर_पाड्यावरून
मग रविवारी वर आणा. आजाचा तिरकमठा काढून ठेवते, तुमच्या शिक्षकांनाही बोलवा, पाउंडांत मोजून बघू. येताना खालून पाण्याचे दोन कॅन घेऊन या, पाड्यावर नळाला तीन दिवस पाणी नाही.